स्वमग्न बालकाच्या आवर्ती सवयी : स्वरूप, कार्य आणि व्यवस्थापन
(सेनगाव तालुक्यासारख्या ग्रामीण परिसराच्या विशेष संदर्भात)

गोषवारा :
स्वमग्न बालकांमध्ये हात फडफडविणे, डुलणे, वस्तू गरगर फिरविणे, मनगट चावणे यांसारख्या आवर्ती सवयी आढळतात. पालक व शिक्षक यांचा कल या सवयी बंद पाडण्याकडे असतो. तथापि, अशी प्रत्येक सवय बालकासाठी काहीतरी काम करीत असते. ते काम कोणते हे समजल्याशिवाय सवय दडपल्यास बालकाचे नुकसान होण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात या सवयींचे स्वरूप, त्यांमागील कारणे, हस्तक्षेप केव्हा करावा याचे निकष आणि ग्रामीण भागात उपलब्ध साधनांनिशी करता येण्याजोगे व्यवस्थापन यांचा ऊहापोह केला आहे.

बीजसंज्ञा : स्वमग्नता, आवर्ती वर्तन, संवेदन, पूर्वघटना, पर्यायी कृती, समावेशक शिक्षण.

प्रस्तावना :
परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे त्याचे पाच तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजारांच्या घरात असून तिच्यापैकी सुमारे ८५ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. सोयाबीन, तूर, कापूस, हळद या पिकांभोवती फिरणाऱ्या अशा परिसरात बालविकासतज्ज्ञ, वाचोपचारतज्ज्ञ किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञ यांची सेवा मोठ्या शहरातल्याप्रमाणे हाकेच्या अंतरावर नसते.

अशा वेळी एखादे मूल तासन् तास दोरा डोळ्यांपुढे हलवीत बसते, पितळी ताटली गरगर फिरवून तिच्याकडे टक लावून पाहते किंवा वर्गात डुलत राहते, तेव्हा त्याची कारणमीमांसा परिसरातील प्रचलित समजुतींनुसार होते. कोणी लाडाने बिघडला म्हणतो, कोणी बाहेरची बाधा म्हणतो, कोणी वेडसर ठरवून मोकळा होतो. त्यातून मारणे, हात बांधून ठेवणे, देवऋष्याकडे नेणे किंवा शाळेतून काढून घरी बसविणे हे उपाय पुढे येतात. गावातील शिकलेली व्यक्ती म्हणून प्राध्यापकाकडेही अनेकदा हाच प्रश्न येतो : ‘हे कसे थांबवावे?’ हा प्रश्नच बदलणे आवश्यक आहे, ही प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. ‘ही सवय बालकासाठी काय करते?’ हा प्रश्न आधी विचारला, तरच काय थांबवावे, काय बदलावे आणि काय तसेच राहू द्यावे याचा निर्णय करता येतो.

१. संकल्पना :
अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. या मुलांचे एकाकीपण आणि भोवतालात जराही बदल न खपण्याची त्यांची वृत्ती ही दोन वैशिष्ट्ये त्यांनी ठळकपणे मांडली. वस्तू गरगर फिरविण्यात रमणारा मुलगाही त्यांच्या वर्णनात आढळतो. म्हणजेच आवर्ती कृती ही स्वमग्नतेच्या अगदी पहिल्या वर्णनापासून तिच्या ओळखीचा भाग राहिलेली आहे.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत स्वमग्नतेचे दोन मुख्य निकष दिले आहेत. सामाजिक संवादातील अडचणी हा पहिला, तर मर्यादित व आवर्ती स्वरूपाचे वर्तन हा दुसरा होय. या दुसऱ्या निकषात आवाज, स्पर्श, प्रकाश, वेदना इत्यादी संवेदनांना अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद देणे याचाही समावेश करण्यात आला. आवर्ती सवय आणि संवेदन यांचा निकटचा संबंध त्यामुळे निदानाच्या पातळीवरही मान्य झाला.

भारतात राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेने २००९ मध्ये स्वमग्नतेच्या मूल्यमापनासाठी भारतीय श्रेणी विकसित केली. तिच्यात सहा विभागांत मिळून ४० विधाने असून प्रत्येकास १ ते ५ गुण दिले जातात. ७० पेक्षा कमी गुण असल्यास स्वमग्नता नाही असे मानले जाते. आवर्ती हालचाली, निर्जीव वस्तूंविषयी आसक्ती आणि स्वतःला इजा करून घेणे या बाबी या श्रेणीतील ‘वर्तनप्रकार’ या विभागात येतात, तर संवेदनविषयक बाबींसाठी वेगळा विभाग आहे.

स्वतःला शांत करणाऱ्या वा स्वतःच्या संवेदना जागविणाऱ्या अशा कृतींना इंग्रजीत ‘स्टिमिंग’ म्हणतात. मराठीत त्यास ‘स्वसांत्वनाची आवर्ती सवय’ असे म्हणता येईल. प्रस्तुत लेखात याच अर्थाने ‘सवय’ हा शब्द वापरला आहे.

२. सवयीमागील कार्य :
लयबद्ध पुनरावृत्तीने मन शांत होते, हा अनुभव केवळ स्वमग्न व्यक्तीपुरता मर्यादित नाही. झोळीतले बाळ झोक्याने निजते. विचारात गढलेला माणूस पाय हलवितो. परीक्षेत विद्यार्थी लेखणी टिचकवितो. वृद्ध माणसाची बोटे जपमाळेवरून फिरत राहतात. एस्थर थेलन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वीस निरोगी अर्भकांचे पहिल्या वर्षभरातील निरीक्षण केले असता पाय झाडणे, हात हलविणे, डुलणे अशा असंख्य लयबद्ध हालचाली त्या सर्वांमध्ये दिसून आल्या. बहुतेक मुलांमध्ये त्या पुढे मागे पडतात. स्वमग्न बालकात त्या टिकतात, अधिक तीव्र होतात आणि अधिक महत्त्वाचे काम करू लागतात. हे काम साधारणतः चार प्रकारचे असते.

(अ) संवेदनांचे नियमन : भोवतालचा गोंगाट असह्य झाल्यावर डुलणे किंवा गुणगुणणे हे बाहेरच्या अनियमित आवाजावर स्वतःची नियमित लय घालण्यासारखे असते. याउलट संवेदना मंद असणारे मूल उड्या मारून, आपटून, चावून शरीराला हवी असलेली जाणीव मिळविते.

(आ) भावनांचे नियमन : भीती व प्रतीक्षा यांचा जसा, तसाच आनंदाचाही आवेग या कृतींतून बाहेर पडतो. बस येताना पाहून हात फडफडविणारे मूल अस्वस्थच असेल असे नाही. ते हर्षभरितही असू शकते.

(इ) संवाद : ज्याला ‘नको’, ‘मदत करा’, ‘पोट दुखते’ हे सांगता येत नाही, त्याच्या कृतीलाच वाक्याचे काम करावे लागते. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ व्यक्तींचे वेगवेगळ्या परिस्थितींत निरीक्षण केले. त्यांपैकी सहा जणांत इजेचे प्रमाण एका विशिष्ट परिस्थितीत सातत्याने वाढत असल्याचे आढळले. कोणासाठी ती कृती कठीण कामातून सुटका होती, तर कोणासाठी स्वतःच सुखद होती. बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या कृतींची कारणे भिन्न असतात, हा या अभ्यासाचा स्थायी धडा होय.

(ई) एकाग्रता : काही मुले हातात वस्तू फिरवीत असतानाच अधिक चांगले ऐकतात. त्यांची नजर शिक्षकाकडे नसली तरी कान तिकडे असतात.

स्वमग्न व्यक्तींची स्वतःची साक्षही याच दिशेने जाते. कोलोरॅडो राज्य विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापक असलेल्या टेम्पल ग्रँडिन या स्वतः स्वमग्न आहेत. लहानपणी समुद्रकिनाऱ्यावर बसून बोटांमधून वाळू गाळत राहण्याने त्रासदायक जग दूर सारता येत असे, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. स्टीव्हन कॅप आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ३२ स्वमग्न प्रौढांशी साधलेल्या संवादातूनही हेच पुढे आले. आवर्ती कृती आपल्याला सावरतात आणि त्या बळजबरीने बंद पाडू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. ‘शहाणा’ दिसण्यासाठी सवय लपवावी लागणे हाही एक ताणच असतो.

३. हस्तक्षेप केव्हा करावा?
सवय विचित्र दिसते, पाहुण्यांपुढे संकोच वाटतो किंवा शेजारी हसतात, ही हस्तक्षेपाची पुरेशी कारणे नव्हेत. पुढील तीन प्रश्नांपैकी एकाचे तरी उत्तर ‘होय’ असेल, तरच हस्तक्षेपाचा विचार करावा.

१) सवयीमुळे बालकाला वा इतरांना इजा होते काय? डोके भिंतीवर आपटणे, मनगट रक्त येईपर्यंत चावणे, डोळ्यात बोट खुपसणे या बाबतीत प्रतीक्षा करता येत नाही.

२) सवयीमुळे जेवण, झोप, शिकणे, खेळणे यांना वेळच उरत नाही काय?

३) सवय बालकाला धोक्याच्या ठिकाणी नेते काय? ग्रामीण भागात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याची चमक व हालचाल पाहत राहण्याची ओढ असते. घराभोवती उघड्या विहिरी, कालवे आणि प्लास्टिकचे अस्तर असलेली, काठ निसरडे झालेली शेततळी असतात. स्वमग्न मुलांमध्ये बुडून मृत्यू होण्याचा धोका इतर मुलांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे अमेरिकेतील मृत्युनोंदींच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसून आले. अशा बालकाच्या बाबतीत शेततळ्याला कुंपण, विहिरीला जाळी, घराच्या दाराला उंचावर कडी आणि घरीच बादलीतल्या पाण्याशी देखरेखीखाली खेळण्याची ठरावीक वेळ ही व्यवस्था इतर सर्व उपायांच्या आधी करावी.

तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असल्यास सवय राहू द्यावी. ‘काहीही न करणे’ हाही येथे विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

४. आधी वैद्यकीय तपासणी :
एखादी सवय अचानक सुरू झाली किंवा एकाएकी वाढली, तर प्रथम शारीरिक कारण शोधावे. बोलता न येणारे मूल दातदुखी, कानातील संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा पोटदुखी यांमुळे गालावर मारून घेऊ शकते, कान आपटू शकते. क्षणभर शून्यात नजर लागणे, अंगाला झटके येणे हे अपस्माराचे लक्षण असू शकते आणि अपस्मार स्वमग्न मुलांत तुलनेने अधिक आढळतो. मुलीने शिकलेली हातांची कौशल्ये गमावून ती सतत हात चोळू लागली, तर रेट लक्षणसमूहाची शक्यता डॉक्टरांनी तपासणे आवश्यक असते. दातदुखीवर वर्तनोपचार करीत बसणे हा बालकावर अन्यायच होय.

५. नोंदवही : कारण शोधण्याचे साधन
कारण शोधण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. शंभर पानी वही आणि एक आठवडा पुरेसा असतो. वहीत पाच रकाने आखावेत : वेळ व ठिकाण, आधी काय घडले, बालकाने काय केले, किती वेळ केले आणि नंतर काय झाले. घरी आई किंवा आजी आणि शाळेत वर्गशिक्षक यांनी घडेल तशी नोंद करावी. अभिप्राय लिहू नये; ‘हट्ट केला’ असे न लिहिता ‘पाटी बाजूला सारली व मनगट चावले’ असे लिहावे. आई-वडिलांना लिहिता येत नसेल, तर मोठ्या भावंडाकडून नोंद करवून घ्यावी.

उदाहरणादाखल सेनगाव तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत दुसरीत शिकणारा सात वर्षांचा एक स्वमग्न मुलगा कल्पिता येईल. ‘सारखा मनगट चावतो आणि डुलतो’ ही त्याच्याविषयीची तक्रार आहे. आठवड्याभरात वहीत १८ नोंदी झाल्या असे मानू. त्यांपैकी नऊ नोंदी परिपाठाचा ध्वनिवर्धक सुरू असताना आणि मधल्या सुट्टीत खिचडीच्या ताटांचा खणखणाट होत असताना मनगट चावल्याच्या आहेत. सहा नोंदी लेखनाचा पाठ दिल्यावर मनगट चावल्याच्या असून, त्या प्रत्येकानंतर शिक्षकांनी पाटी काढून घेतलेली आहे. उरलेल्या तीन नोंदी रात्री झोपण्यापूर्वी वाकळीवर बसून डुलल्याच्या आहेत आणि त्यानंतर तो झोपी गेला आहे.

तक्रार एकच असली तरी नोंदवहीने तीन वेगळी कारणे दाखविली. पहिल्या गटात आवाज असह्य होतो; तेथे परिसर बदलला पाहिजे. दुसऱ्या गटात चावण्याने लेखनातून सुटका मिळते. तेथे सुटका मागण्याचा दुसरा मार्ग शिकविला पाहिजे. तिसऱ्या गटात डुलणे ही त्याची स्वतःची अंगाई आहे; तेथे काहीच करण्याची गरज नाही. तिन्ही ठिकाणी ‘हात खाली’ असा एकच दरडावणीचा उपाय केला असता, तर तो तिन्ही ठिकाणी चुकला असता.

६. व्यवस्थापनाचे उपाय :
(अ) परिसरातील बदल : ध्वनिवर्धकापासून दूर उभे करणे, गोंगाटाच्या वेळी कानांवर मफलर किंवा कानटोपी देणे, जेवणाला इतरांपेक्षा पाच मिनिटे आधी बसविणे हे बदल विनाखर्च होतात. सोयाबीनच्या मळणीचे यंत्र, लग्नातील डीजे, आठवडी बाजार यांची पूर्वकल्पना बालकाला चित्रांतून द्यावी. दिवसाच्या कामांची चार-पाच चित्रे क्रमाने भिंतीवर लावावीत व काम संपल्यावर एकेक उलटवावे. पुढे काय होणार हे कळले की अनिश्चिततेतून येणारी अस्वस्थता पुष्कळ अंशी कमी होते.

(आ) शरीराला काम : लिन कर्न, रॉबर्ट कोगल आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात केलेल्या अभ्यासांत दमसास लागेल असे धावल्यानंतर मुलांच्या आवर्ती कृती काही काळ कमी झालेल्या दिसल्या, हलक्या चेंडूखेळाने मात्र तसा परिणाम झाला नाही. म्हणून वर्गात बसण्यापूर्वी मैदानाला फेऱ्या मारणे उपयुक्त ठरते. घरी झेपेल एवढी पाण्याची कळशी उचलून आणणे, कणीक मळणे, अंगणात सडा घालणे, झोक्यावर बसणे या कामांतून स्नायू व सांध्यांना जोरकस जाणीव मिळते. ही कामे शिक्षा म्हणून नव्हे, तर रोजच्या ठरावीक वेळी करवून घ्यावीत.

(इ) पर्यायी कृती : पर्याय देताना मूळ सवयीतून मिळणारी संवेदनाच त्यातून मिळाली पाहिजे. चावण्याची गरज असलेल्या मुलाला हातात चेंडू देऊन उपयोग नाही. त्याला मनगटावर जाड, स्वच्छ सुती पट्टी बांधावी किंवा चावण्यासाठी तयार केलेले रबरी साधन द्यावे. फिरणारी वस्तू पाहण्याची ओढ असणाऱ्यास भोवरा किंवा भिरभिरे, बोटांना सतत चाळा हवा असणाऱ्यास घट्ट शिवलेली ज्वारीची छोटी पिशवी देता येते. पिशवीची शिवण वरचेवर तपासावी. सुटे धान्य, मणी वा बिया नाकातोंडात जाण्याची भीती असते.

(ई) संवादाचे शिक्षण : एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये चार मुलांसोबत केलेला अभ्यास या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. मुले ज्या कारणासाठी त्रासदायक वर्तन करीत होती, तीच मागणी शब्दांत करण्यास शिकविल्यावर ते वर्तन उतरले. वरील उदाहरणातील मुलाला ‘थोडी सुट्टी’ असे चित्र असलेले पुठ्ठ्याचे कार्ड द्यावे. चावण्यास सुरुवात होण्यापूर्वीच त्याचा हात धरून ते कार्ड शिक्षकांकडे देववावे आणि लगेच दोन मिनिटांची सुट्टी द्यावी. प्रारंभी प्रत्येक वेळी सुट्टी दिलीच पाहिजे. कार्ड चावण्यापेक्षा लवकर काम करते हे मुलाला पटल्यावरच ते टिकते. त्यानंतर ‘आधी दोन अक्षरे, मग सुट्टी’ असे हळूहळू वाढवीत न्यावे. लेखनच फार कठीण असेल, तर ते सोपे करणे हाही उपायाचाच भाग होय.

(उ) वेळ आणि जागा : निरुपद्रवी, परंतु वेळ खाणाऱ्या सवयीसाठी ती बंद न करता तिला जागा नेमून द्यावी. शाळेतून आल्यावर अर्धा तास घराच्या एका कोपऱ्यात दोरा हलविण्याची पूर्ण मोकळीक, जेवताना मात्र दोरा खुंटीवर, अशी व्यवस्था चित्राच्या साहाय्याने शिकविता येते. नियम घरातील सर्वांनी सारखाच पाळावा. आईने दोरा काढून घ्यायचा आणि आजीने तो गुपचूप द्यायचा, असे झाल्यास मूल गोंधळते.

या उपायांचा परिणाम दिसण्यास आठवडे लागतात. सवयीने पूर्वी जे मिळत होते ते मिळेनासे झाले की प्रारंभीचे काही दिवस ती वाढल्यासारखी दिसते. याच टप्प्यावर बहुतेक घरी प्रयत्न सोडले जातात. म्हणून ही शक्यता पालकांना आधीच सांगून ठेवावी आणि नोंदवही सुरू ठेवावी. रोजच्या धकाधकीत न जाणवणारी सुधारणा वहीतील आकड्यांत दिसते.

७. काय करू नये :
आवर्ती वर्तनावरील उपचारांचा इतिहास सर्वस्वी अभिमानास्पद नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतील इव्हार लोव्हास व सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलांवर विजेच्या झटक्यांसारख्या वेदनादायक शिक्षांचे प्रयोग केले होते. शिक्षेने वर्तन क्षणिक थांबते. परंतु त्यामागील गरज शिल्लक राहते आणि ती अनेकदा अधिक घातक रूपाने बाहेर पडते. शिवाय मूल भीती शिकते, संवाद नव्हे. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. दिव्यांग व्यक्तींना क्रूर व अमानुष वागणुकीपासून संरक्षण देण्याची तरतूद २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ६ मध्ये आहे. हात बांधणे हा उपचार नव्हे.

औषधांविषयीही वास्तव अपेक्षा ठेवावी. सिटालोप्रॅम या औषधाची १४९ मुलांवर झालेली चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. आवर्ती वर्तनावर त्याचा लाभ औषधविरहित गोळीपेक्षा अधिक नव्हता. रिस्पेरिडोनसारखी औषधे तीव्र चिडचिड वा स्वतःला इजा करून घेणे यांसाठी तज्ज्ञ डॉक्टर देतात. साध्या हात फडफडविण्यासाठी ती नव्हेत. जड पांघरुणाचाही बराच बोलबाला झाला आहे. इंग्लंडमध्ये ६७ मुलांवर झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने झोप वाढल्याचे आढळले नाही. लहान मुलाला असे पांघरूण स्वतःहून दूर करता आले नाही तर गुदमरण्याचा धोका असतो, हेही ध्यानात ठेवावे.

८. उपलब्ध यंत्रणा आणि महाविद्यालयाची भूमिका :
‘खेड्यात तज्ज्ञ नाहीत, म्हणून काही करता येत नाही’ हा समज पूर्णतः खरा नाही. गोव्यातील संगाथ ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील संशोधक यांनी मिळून केलेली एक चाचणी २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. २ ते ९ वर्षे वयाची ६५ स्वमग्न मुले तिच्यात सहभागी होती. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन पालकांना मार्गदर्शन केले. पालकांचा प्रतिसाद आणि मुलाने स्वतःहून साधलेला संवाद या दोहोंत सुधारणा झाली. एकत्रित अवधानाच्या बाबतीत मात्र तसा लाभ दिसला नाही. ही चाचणी संवादासंबंधी होती, आवर्ती सवयींसंबंधी नव्हे. तरीही प्रशिक्षित सामान्य व्यक्तीच्या मदतीने पालक हेच मुख्य साहाय्यक होऊ शकतात, हे तिने आपल्याच भूभागात दाखवून दिले.

हा प्रश्न थोड्या घरांपुरताही नाही. भारतातील पाच ठिकाणी २ ते ९ वर्षे वयाच्या मुलांचे सर्वेक्षण करण्यात आले होते व त्यांत उत्तर गोव्याचाही समावेश होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार सुमारे १२ टक्के मुलांत मेंदूच्या विकासाशी संबंधित एक तरी अडचण आढळली. स्वमग्नता ही त्यांपैकी एक होय.

शासकीय स्तरावर २०१३ पासून राबविण्यात येत असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अपेक्षित आहे. फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येतात आणि विकासात्मक विलंब आढळल्यास पुढे जिल्हास्तरीय केंद्राकडे पाठवितात. समग्र शिक्षा योजनेतील समावेशित शिक्षणाच्या साहाय्यासाठी तालुक्याच्या गटसाधन केंद्राशी संपर्क साधता येतो. १९९९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतून स्वमग्न व्यक्तीस वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील यादीत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्याने ती २१ प्रकारांत समाविष्ट केली. विशेष म्हणजे या कायद्याच्या अनुसूचीत स्वमग्नतेचे वर्णन करताना आवर्ती स्वरूपाच्या वर्तनाचाही उल्लेख आहे. म्हणजे ज्या सवयीसाठी मुलाला हिणवले जाते, तिची नोंद कायद्याने त्याच्या स्थितीचा भाग म्हणून घेतली आहे.

याच कायद्याच्या कलम ३२ नुसार शासकीय व शासनाकडून अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. आज दुसरीत डुलणारा मुलगा उद्या महाविद्यालयाच्या वर्गात येणार आहे. तो व्याख्यान ऐकताना बोटे हलवीत असेल, परीक्षेच्या दालनात हळूच गुणगुणत असेल. त्यास गैरवर्तन समजून बाहेर काढावयाचे की शेवटच्या बाकावर वा स्वतंत्र खोलीत बसण्याची सोय करावयाची, हा निर्णय प्राध्यापकाच्या हाती असेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात नोंदवही ठेवण्याचे साधे प्रशिक्षण आशा, अंगणवाडी सेविका व पालक यांना देता येईल. मानसशास्त्र, समाजशास्त्र, गृहविज्ञान आणि मराठी या विभागांना चित्रकार्डे व बोलीतील माहितीपत्रके तयार करता येतील. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही.

समारोप :
स्वमग्न बालकाची आवर्ती सवय ही त्याने प्रतिकूल वाटणाऱ्या जगात स्वतःसाठी शोधलेली सोय असते. जी सोय इजा करीत नाही, ती राहू द्यावी. जी इजा करते, तिच्या जागी तेच काम करणारी दुसरी सोय द्यावी. आणि जी काही सांगू पाहते, तिला शब्द, चित्र वा खूण मिळवून द्यावी. या तिहींतला फरक मारण्याने किंवा दरडावण्याने कळत नाही; तो निरीक्षणाने कळतो. निरीक्षण, नोंद आणि त्यावरून अनुमान हा उच्च शिक्षणाचा नित्याचा अभ्यास आहे. तोच अभ्यास एका बालकाच्या घरापर्यंत नेला, तर बांधलेले हात सुटतील आणि घरी बसविलेले मूल पुन्हा शाळेच्या परिपाठाला, थोडे मागे आणि कानटोपी घालून का होईना, उभे राहू शकेल.